यंत्र आले, काम गेले : कायद्यात काय आहे?

*आधार : औद्योगिक विवाद कायदा, १९४७ आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२०*

- कामगार कपात : शिक्षा म्हणून नव्हे, अन्य कारणाने कामावरून कमी करणे. यंत्रामुळे गेलेली नोकरी यात मोडते.
- ले-ऑफ : कच्चा माल किंवा वीज नसल्याने, यंत्र बिघडल्याने तात्पुरते काम न मिळणे. नोकरी टिकून राहते. पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई.
- टाळेबंदी : मालकाने तात्पुरते काम बंद ठेवणे.
- पूर्वसूचना : कपातीची शक्यता असलेले नवे तंत्र आणण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस.
- कपातीची भरपाई : किमान वर्षभर सलग सेवा असल्यास एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन.
- क्रम : सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी कमी. पुन्हा भरती झाल्यास कपात झालेल्यांना प्राधान्य.
- कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी : १९४७च्या केंद्रीय कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना बंधनकारक होती, संहितेत ही मर्यादा ३००.
- पुनर्कौशल्य निधी : संहितेतील नवी तरतूद. मालकाकडून १५ दिवसांचे वेतन. कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात.