रिवाइंडचा नॉब फिरतो आहे ना?

डिसेंबर १९९३ मध्ये श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकास वडिलांसमवेत जाण्याचा योग आला. वडील तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. तरीही विंध्यगिरीच्या पायऱ्या त्यांनी कुणाचा हात न धरता चढल्या. माझ्या गळ्यात याशिका एफएक्स-३ कॅमेरा होता आणि त्यात छत्तीस चित्रांचा रोल. तो मी अगदी काटकसरीने वापरला. कोल्हापुरास परतल्यावर रोल धुण्यास दिला, तेव्हा दुकानदाराने कोरी पट्टी माझ्या हाती ठेवली. रोल कॅमेऱ्यात सरकलाच नव्हता. पुढच्या श्रावणात वडील गेले. त्या यात्रेतील त्यांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, माझा होता. फिल्मची जीभ उजवीकडील रिळाच्या खाचेत नीट अडकली नव्हती. लीव्हर ओढताच चित्रांचा आकडा मात्र पुढे जात होता, कारण तो लीव्हरचे फेरे मोजतो, फिल्म नव्हे. पासबुकातील आकडा पाहून तिजोरीत रोकड आहे असे समजणाऱ्या कारकुनाला मी नोकरीत रागावलो असतो. येथे मी स्वतः तेच केले.

हे आज लिहिण्याचे कारण असे की गेल्या दिवाळीत नातीने कपाटातून तोच कॅमेरा काढला आणि विचारले, "आजोबा, हा चालतो का हो?" फिल्मचे आकर्षण तरुणांत पुन्हा वाढले आहे आणि आपल्या अनेक घरांत असा एखादा कॅमेरा पडून आहे.

रोल भरताना झाकण उघडे असतानाच लीव्हर एकदा ओढावा आणि फिल्मची दोन्ही काठांची छिद्रे दातेरी चाकावर बसली आहेत हे पाहावे. झाकण लावल्यावर डावीकडील रिवाइंडचा नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढावा. मग लीव्हर ओढताना तो नॉब आपोआप उलटा फिरला पाहिजे. फिरला तर फिल्म सरकते आहे. न फिरल्यास झाकण उघडून पुन्हा भरावी. यास अर्धा मिनिट लागतो. शेवटी लीव्हर अडला तर जोर करू नये, रोल संपला आहे. तळाचे बटण दाबून फिल्म परत गुंडाळावी. जोराने फिल्म तुटलीच, तर झाकण उजेडात उघडू नये. रात्री, दिवे घालवून, जाड रजईखाली उघडावे आणि फिल्म प्रकाशबंद डबीत घालून धुण्यास द्यावी.

जुना कॅमेरा वापरण्यापूर्वी रिकामाच तपासावा. मागचे झाकण उघडून एक सेकंदाच्या वेगावर शटर दाबावे; उघडझाप डोळ्यांना दिसते आणि शटर आळसावले असल्यास कळते. झाकणाच्या खाचेतील काळा फोम वीस-तीस वर्षांत डांबरासारखा चिकट होतो. तेथून उजेड शिरला की रंगीत चित्रावर तांबूस पट्टे येतात. तो फोम स्पिरिटने खरवडून खाचेत काळा जाड धागा बसवला तरी काम भागते.

मीटर बंद पडला म्हणून कॅमेरा टाकून देऊ नये. शंभर आयएसओची फिल्म, लख्ख ऊन, अॅपर्चर १६ आणि वेग १२५, एवढे लक्षात ठेवावे. ढग आले की अॅपर्चर ८ किंवा ५.६. मीटर चालू असला तरी तो फसतो. श्वेत वस्त्रांतील साध्वीजींचे चित्र तो करडे करून ठेवतो, म्हणून तेथे एक पायरी प्रकाश जास्त द्यावा. काळ्या पाषाणाच्या मूर्तीस एक पायरी कमी. संशय असेल तेव्हा रंगीत निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. लग्नात फ्लॅश वापरणाऱ्याने शटरचा वेग ६० च्या वर नेण्यापूर्वी विचार करावा. कापडी पडद्याच्या शटरवर वेग जास्त झाला, तर अर्धे चित्र काळे येते आणि नेमके नवरदेवाकडचे मंडळ त्या अर्ध्यात असते.

ही पस्तीस मिलिमीटरची पट्टी मूळची सिनेमाची. सिनेमाच्या दोन चौकटींएवढे एक छायाचित्र, ही योजना ऑस्कर बार्नाक यांची. तिच्यावर आधारलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. त्याआधीच, १९१८ मध्ये, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

आता जे सांगतो ते मला १९९३ मध्ये ठाऊक नव्हते. फिल्मवरील संवेदनशील थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. त्याला चालेल असा पर्याय आजवर कारखान्यांत रूढ झालेला नाही. आपल्या घरांत हे जाणून मगच निर्णय व्हावा, असे मला वाटते. मी नातीस हे सांगितले; तिने एकच रोल घ्यायचे ठरवले आणि पुढे मोबाईल बरा म्हणाली. तिचा निर्णय मला पटला. पण तुमचा तुम्ही करावा.

जुन्या निगेटिव्हज मात्र सांभाळायलाच हव्यात. हेच जिलेटिन बुरशीचे अन्न असल्याने कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या आधी खराब होतात आणि भिंगावरही जाळे धरते. कातडी केसमध्ये ओल टिकते. कॅमेरा त्यातून बाहेर काढावा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा आणि पुडीतील निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत. स्वयंपाकघरातील भांड्यात तापवू नयेत. निगेटिव्हज कागदी पाकिटांत घालून, पाकिटावर पेन्सिलीने वर्ष व प्रसंग लिहून, दुसऱ्या डब्यात ठेवाव्यात. अल्बमच्या चिकट पानांवर त्या कधीही चिकटवू नयेत. आणि रोल धुवायला देताना निगेटिव्हज परत हव्यात, हे पावतीवर लिहून घ्यावे.