काटा नऊवरून चारवर

रात्रीचे साडेआठ. सुरतेत उधन्याला मामाच्या रो-हाउसच्या गच्चीवरची खोली. टेबलावर रेडिओ, बाजूला मोर्सची चावी, भिंतीवर जगाचा नकाशा, खाली गोणपाटावर गाडीची जुनी बारा व्होल्टची बॅटरी. खिडकीसमोर एम्ब्रॉयडरीचं युनिट, मागच्या गल्लीत लूमची खटखट. दुपारी मी जळगावच्या गाडीने उतरलो, तेव्हापासून ही खटखट एकदाही थांबलेली नाही.

"ऐक," मामा म्हणतो आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवतो.

माणसाचा आवाज नाहीच. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखी जाड घरघर, आणि तिच्यावर एक बारीक, कण्हल्यासारखा सूर.

"हा आपला चाळीस मीटरचा पट्टा. सात हजार ते सात हजार दोनशे किलोहर्ट्झ. रात्री इथे अर्धा देश बोलत असतो. काटा बघ."

सिग्नल दाखवणारा काटा नऊवर बसलेला आहे. कुणी बोलत नसताना नऊ. म्हणजे नऊच्या खालच्या जोराने जो कुणी बोलेल, तो या घरघरीत बुडणार.

मामाचं कॉलसाइन 'व्हीयू-टू'ने सुरू होतं. दूरसंचार विभागाची परीक्षा, मोर्स, पोलीस पडताळणी, सगळं रीतसर करून परवाना मिळवलेला जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. गेल्या दिवाळीपासून त्याला काही ऐकू येईनासं झालंय. तो बोलतो, लोक उत्तर देतात, आणि ते उत्तर याच्यापर्यंत पोचत नाही. आज भाचा आलाय म्हणजे खाली-वर धावायला एक माणूस मिळाला. शोधमोहीम आजच.

"समोरच्यांचं मशीन असणार," मी खिडकीकडे बोट दाखवतो.

"असेलही. पण आधी आपलं घर. आपल्या घरात काय वाजतंय ते माहीत नसताना लोकांच्या दारात जायचं नाही."

रेडिओची वायर तो घरच्या विजेवरून काढून बॅटरीला जोडतो. "जा, मेन पाड."

मी जिना उतरतो. मामी शिलाई मशीनवर बसलेली, साड्यांना लेस लावतेय. एका गठ्ठ्यात वीस साड्या, उद्या सकाळी द्यायच्या आहेत. टीव्हीवर मालिका. मी मेन पाडतो. टीव्ही बंद, मशीन बंद.

"माय वं! आता हे काय?"

पण पंखा फिरतोच आहे. वरून मामा ओरडतो, "अरे, वाढलं! काटा नऊच्या पुढे गेला!"

जिन्याखालचा इन्व्हर्टर आपलं कर्तव्य बजावत चालू झालेला असतो. बॅटरीची सरळ वीज कापून-कापून तो घरासाठी उलटसुलट वीज बनवतो, आणि ही कापाकापी म्हणजेच गोंगाट. मेन पाडून घर शांत झालं असं ज्याला वाटतं, तो इथे फसतो. मी इन्व्हर्टरही बंद करतो. आता पूर्ण अंधार. हातात मोबाइलचा उजेड घेऊन वर जातो.

काटा पाचवर.

"बघ," मामा हळूच म्हणतो. "नऊचा पाच. बाहेरच्या सगळ्या सुरतेचा मिळून पाच. वरचे चार आपले."

अंधारात त्याला काही आठवतं. २००६चा ऑगस्ट. तापीला पूर आलेला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली, वीज नाही. तेव्हा हाच पट्टा विहिरीसारखा गार आणि स्वच्छ होता, म्हणतो. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपात टेलिफोन मेले, तेव्हा हॅम लोकांनी बॅटरीवर रेडिओ लावून निरोप पोचवले होते. "संकटात गोंगाट नसतो रे. रोजच्या दिवशी असतो. आणि सराव रोजच्या दिवशीच करायचा असतो."

खालून मामीचा आवाज येतो, "आमचं संकट लवकर आवरा!"

आता एकेक करून. मी खाली, मामा वर, मध्ये जिन्यातून आरोळ्या. मेन लावली, बाकी सगळं बंद. "पाच!" फ्रिज. "पाच!" टीव्ही. "पाचच!" मामीला मालिका परत मिळते, तिची अर्धी नाराजी जाते. मग पंखा. रेग्युलेटर तीनवर.

"सात! हीच ती घरघर!"

रेग्युलेटर फुलवर नेला की घरघर गायब. तीनवर आणला की हजर. कारण साधं आहे. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करण्यासाठी विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक लाटेचे दोन अर्धे भाग, म्हणजे सेकंदाला १०० काप. तीच ही १०० ठोक्यांची घरघर. टप्प्याटप्प्याने फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर असं कापत नाही. तो उद्या आणायचा. आज पंखा फुल किंवा बंद.

पुढे मामीच्या मशीनच्या डोक्यावरची एलईडी पट्टी. "आठ!" शेवटी इंटरनेटचा राउटर. वरून उत्तर येत नाही. मी वर जातो. मामा डायल हळूहळू फिरवतोय. ७०२० किलोहर्ट्झला कण्हणं वाढतं, काटा नऊला जातो, मग उतरतो. ७०८५ला पुन्हा. ७१५०ला पुन्हा.

"अंतर मोज."

"पासष्ट."

"पासष्टच्या अंतरावर कुबडं. म्हणजे हा अडॅप्टर सेकंदाला ६५ हजार वेळा वीज चालू-बंद करतोय. आणि ही पासष्टच्या पाढ्याची एकशेआठवी, एकशेनववी आणि एकशेदहावी पायरी. पाढा म्हणणारा चोर लवकर सापडतो."

मामा खाली येऊन आधी पट्टीचा ड्रायव्हर हातात घेतो. प्लग काढलेला, तरी पाच मिनिटं थांबतो, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते म्हणून. मग स्क्रू काढतो. आत बोटभर हिरवी पाटी. वीज जिथून शिरते तिथे पांढऱ्या शाईत एका गुंडाळीचं चित्र छापलेलं आहे, तिच्यासाठी चार भोकंही पाडलेली आहेत. गुंडाळी मात्र नाही. तिच्या जागी तारेचे दोन उघडे तुकडे डाग देऊन बसवलेत.

"फिल्टरची जागा," मामा नखाने दाखवतो. "नकाशात खोली आहे, बांधलीच नाही. काही रुपये वाचले त्यांचे."

तो ड्रायव्हर बाजूला ठेवतो, वरून बॅटरी उचलून आणतो आणि पट्टीच्या दोन तारा थेट तिला जोडतो. पट्टी बारा व्होल्टचीच आहे. लख्ख उजेड पडतो, तोही मुका. मामी लेस पुन्हा सुईखाली सरकवते. "असंच राहू द्या. उजेड जास्तच आहे."

राउटरच्या अडॅप्टरला मात्र फेराइट. मामा खिशातून बांगडीएवढं काळं कडं काढतो. बारीक वायरींवर जी प्लास्टिकची गाठ दिसते, तिच्या पोटात हेच असतं. अडॅप्टरची वायर तो कड्यातून ओवायला लागतो, पण वेढे एकमेकांवर चढतात. मामी दोन मिनिटं बघते, मग कडं काढून घेते. बॉबिन भरणारा हात. एकाशेजारी एक, न चढता, न सुटता, आठ वेढे बसतात.

"भोकातून एकदा गेली की एक वेढा," मामा मला सांगतो. "वेढे दुप्पट केले की अडवण्याची ताकद साधारण चौपट. नुसती क्लिप अडकवून काही झालं नाही असं लोक म्हणतात. एका वेढ्यात काय होणार?"

गोंगाट अडॅप्टरमध्ये जन्मतो खरा, पण बाहेर पडतो वायरीतून. वायरीच त्याच्या अँटेना. तोच गोंगाट रेडिओपर्यंत जाणाऱ्या केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही चढतो. म्हणून मामाने गेल्या महिन्यात अँटेनाच्या मध्यावर, केबल जिथे जोडली आहे तिथे, असंच एक कडं बसवलंय. तारेचे दहा-दहा मीटरचे दोन हात आधी पाण्याच्या टाकीवरून, घरातल्या वायरिंगला चिकटून जायचे. ते आता गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उंच बांबूवर आहेत.

वर येऊन रेडिओ पुन्हा घरच्या विजेला जोडतो. सगळं चालू असताना काटा पाचवर. पण पाचात एक चिरचिर आहेच.

आता मामा चप्पल घालतो. हातात जुना ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावलेला. आतल्या अँटेनाच्या दांडीचं टोक गोंगाटाच्या दिशेला आलं की आवाज बुडतो. तेवढ्यावरून दिशा कळते. गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबाखाली तो तडतडतो. वारा आला की जास्त. वर कुठेतरी क्लॅम्प सैल किंवा इन्सुलेटर तडकलेला. मी खांबाला थाप मारायला पुढे होतो, तर मामा माझं मनगट धरतो. "हात नाही लावायचा. नंबर लिहून घे. तक्रार करायची, चढायचं त्यांनी."

मग समोरचं युनिट. दारात मालक उभाच आहे.

"क्या काका, हमारा मशीन आप के रेडिओ में बोलता है क्या?"

"पहले मेरा रेडिओ आप के स्पीकर में बोलता था," मामा हसतो. काही वर्षांपूर्वी मामा बोलायला लागला की यांच्या गाण्यांच्या स्पीकरमधून त्याचाच आवाज यायचा. तेव्हा मामाने स्वतः येऊन स्पीकरच्या वायरीला कडी लावून दिली होती. ती ओळख आज कामाला येते.

आत मशीनच्या बारा सुया एका चालीने गुलाब भरतायत. ट्रान्झिस्टर मोटरच्या ड्राइव्हजवळ नेला की किंचाळतो. मामा कशालाच हात लावत नाही, नुसता टॉर्च मारतो. ड्राइव्हच्या पेटीखाली हिरवी तार मोकळी लोंबतेय. अर्थिंग. कारागीर लगेच म्हणतो, पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात, कधीपासून सांगतोय. मालक इलेक्ट्रिशियनला फोन लावतो. मशीन बंद होतं, हिरवी तार स्क्रूखाली जाते, मशीन सुरू होतं. कारागीर बोटाच्या मागच्या बाजूने पेटीला शिवून बघतो आणि मान डोलावतो.

पावणेदहाला आम्ही वर. काटा चारवर. मधूनच एक कोरडी कडकड उठते आणि जाते. ती जळगावकडची गाडी, डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेशी ठिणग्या पाडत निघालेली. तिला इलाज नाही.

नऊचा चार. काट्याचं एक घर म्हणजे सहा डेसिबल, पाच घरं म्हणजे तीस. गोंगाटाची ताकद एक हजारांश उरली. हेडफोनमध्ये आधी पोकळी वाटते, मग त्या पोकळीच्या तळाशी एक माणूस. कॉलसाइनच्या सुरुवातीला 'फोर-एस-सेव्हन'. श्रीलंका. काटा त्याच्यासाठी सहावर जातो. संध्याकाळपासून तो तिथेच बोलत असेल तर आम्हाला तो कधीच ऐकू आला नसता.

मामा त्याला साद घालतो, दोन वाक्यं बोलतो, शेवटी 'सेव्हंटी-थ्री' म्हणून निरोप घेतो. मग वही ओढून आजची यादी लिहितो. पंख्याचा रेग्युलेटर. एलईडीचा ड्रायव्हर. राउटरचा अडॅप्टर. समोरची अर्थिंग. गल्लीतला खांब, तक्रार बाकी.

पाच नावं. त्यातली तीन आमच्याच घरातली.