स्त्रीबीज देणारी आणि पालक : ओळख किती ठेवायची?

नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्यापैकी एखाद्या जोडप्याला दुसऱ्या स्त्रीचे स्त्रीबीज घेऊन मूल होऊ द्यायचे असेल, तर तिथे त्यांना तपासण्यांच्या सोबतीनेच एक प्रश्न सोडवावा लागतो. स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीशी किती संबंध ठेवायचा? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून तो नीट समजून घेऊ.

तिथे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात कोणीच कोणाला ओळखत नाही. पालकांना तिचे वय, रक्तगट, शिक्षण, घराण्यातले आजार एवढेच कळते. तिसऱ्यात सगळे उघड असते. नाव, फोन माहीत असतो आणि कधी तर ती बहीण किंवा मैत्रीणच असते. मधला प्रकार म्हणजे आडनाव-पत्ता न सांगता एखादी भेट किंवा व्हिडिओ कॉल, आणि पुढचे निरोप एजन्सीमार्फत.

बहुतेक लोक ही निवड भीतीपोटी करतात, असे आम्हाला वाटते. पालकांना भीती, की ही उद्या मुलावर हक्क सांगेल. तिला भीती, की वीस वर्षांनी कोणीतरी दार वाजवेल. पण मुलावरचा हक्क भेटीगाठींवर ठरत नाही. तो कायद्यावर आणि लेखी करारावर ठरतो. म्हणूनच तिथे दोन्ही बाजूंचे वकील वेगळे असणे चांगले समजले जाते. संपर्क हा त्यापासून वेगळा मुद्दा आहे आणि त्याचे खरे कारण आरोग्य आहे.

स्त्रीबीज देणारी बहुधा विशी-तिशीतली असते. त्या वयात ती आजारांचा अर्ज कितीही प्रामाणिकपणे भरो, तिच्या आईला अजून मधुमेह झालेला नसतो, तिला स्वतःला अजून स्तनाचा कर्करोग झालेला नसतो. चाळिशीत तिला तो झाला आणि तो आनुवंशिक निघाला, तर तिच्या स्त्रीबीजातून जन्मलेल्या मुलीला ते कळवायचे कसे? संपर्काची वाटच ठेवली नसेल, तर दवाखान्यातला जुना कागद आयुष्यभर तसाच अर्धवट राहतो. उलटही होते. मुलाला आनुवंशिक आजार निघाला, तर तो तिलाही कळायला हवा, कारण तिला स्वतःची मुले असू शकतात. यासाठी मैत्री लागत नाही, निरोप पोहोचण्याची सोय पुरते. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या डोनर सिबलिंग रजिस्ट्रीवर दाता क्रमांकावरून असा संपर्क होऊ शकतो. एकाच दात्यापासून वेगवेगळ्या घरांत जन्मलेली भावंडेही तिथे एकमेकांना शोधतात.

आणि कायमची अनामिकता आता कोणी देऊच शकत नाही. घरी लाळेचा नमुना देऊन डीएनए तपासणी करता येते. देणारीने स्वतः केली नाही तरी तिच्या चुलत भावाने केली की धागा लागतो.

ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून निर्णय मुलाच्या बाजूने केला. त्यानंतर दात्याची नोंदणी असेल, तर मूल १८ वर्षांचे झाल्यावर दात्याचे नाव मागू शकते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातही २०२५ पासून तसाच नियम आहे. स्पेनमध्ये मात्र दाता कायद्यानेच अनामिक असतो.

आपला २०२१ चा एआरटी कायदा गुप्ततेच्या बाजूने आहे. देणारी २३ ते ३५ वर्षांची हवी, आयुष्यात एकदाच देता येते, सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत आणि ती एकाच जोडप्याला मिळतात. जोडप्याने तिच्या नावे विमा काढायचा असतो. मूल कायद्याने त्या जोडप्याचेच, तिचा त्यावर हक्क नाही. बँकेकडे तिचे नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदलेला असतो. पण मोठे झाल्यावर मुलाला तिची ओळख मिळण्याचा ब्रिटनसारखा हक्क या कायद्यात नाही. देणारी गरजू आणि घेणारे पैसेवाले असतील, तर ही गुप्तता कोणाच्या सोयीची, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. माहिती मागताना काही जोडपी आजारांआधी रंग आणि जात विचारतात. स्त्रीबीजात जात नसते. प्रश्न विचारायचाच असेल तर तिच्या आईवडिलांना हृदयविकार आहे का, घराण्यात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे का, असे विचारावेत.

भारतात उपचार घेणाऱ्यांच्या हातात तरी काही आहे. नाव सोडून जी माहिती मिळू शकते ती लेखी मागावी. रक्तगट, तपासणीचे निकाल, क्लिनिक आणि बँकेचे नाव, नोंदणी क्रमांक, तारखा, हे सगळे जन्मदाखल्याच्या फाइलमध्येच ठेवावे. आणि मुलाला ते लहान असतानाच, गोष्ट सांगावी तसे सांगायला सुरुवात करावी. लग्नाच्या वयात मावशीच्या तोंडून कळण्यापेक्षा चौथ्या वर्षी आईच्या कुशीत कळलेले बरे.