घाटावरची वही आणि इंटरनेटवरचे कमिशन

वाराणसीचा बालाजी घाट रामघाटापासून ब्रह्माघाटापर्यंत पसरलेल्या जुन्या मराठी वस्तीत मोडतो. पेशव्यांच्या काळात बांधलेला हा घाट पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला, आणि त्याच्या पायऱ्यांवरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी शहनाईचा रियाज केला, हे सर्वश्रुत आहे. या वस्तीतील अनेक घरांचा चरितार्थ मात्र काशीयात्रेला येणाऱ्यांवर चालत असे, आणि त्या चरितार्थाचा कणा म्हणजे तीर्थोपाध्यायाची वही. यात्रेकरूचे गाव, कूळ, आडनाव आणि पूर्वी येऊन गेलेल्या वाडवडिलांची नावे तीत नोंदलेली असत, पुष्कळदा यात्रेकरूच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. नवा यात्रेकरू कोणाचा यजमान, असा वाद दोन उपाध्यायांत निर्माण झाला की वही उघडली जाई, आणि पूर्वजाची नोंद ज्याच्याकडे सापडे त्याचा हक्क मान्य होई. हा हक्क वारसाने चाले, भावाभावांत वाटला जाई आणि प्रसंगी गहाणही पडे.

आज त्याच यात्रेकरूला काशीतील निवास, नौका, बनारसी साडी किंवा प्रवासाची बॅग यांची माहिती इंटरनेटवर मराठीतून देऊन काही जण पैसे मिळवतात, आणि या व्यवहाराला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. माहिती देणारा विक्रेत्याच्या संकेतस्थळाकडे नेणारी एक खास लिंक देतो, त्या लिंकवरून झालेल्या खरेदीचा ठरावीक हिस्सा विक्रेता त्याला कमिशन म्हणून देतो, आणि ग्राहकाला सहसा त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. अमेरिकेतील विल्यम टोबिन यांनी १९८९ मध्ये आपल्या फुले व भेटवस्तूंच्या व्यवसायासाठी ही पद्धत वापरली, आणि १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपला असोसिएट्स कार्यक्रम सुरू केल्यावर ती जगभर पसरली. दलाली आणि अडत यांच्याशी तिचे नाते उघड आहे; परंतु तिच्यात एक मोठा फरक आहे, ज्याकडे नवशिके फारसे लक्ष देत नाहीत. तीर्थोपाध्यायाची वही त्याच्या स्वतःच्या घरात असे, तर अ‍ॅफिलिएटची वही जो पैसे देणार त्याच्याच ताब्यात असते.

ही वही कशी चालते ते एका लिंकवरून समजते. लिंकच्या शेवटी अक्षरांचा एक लहान तुकडा जोडलेला असतो, त्याला टॅग म्हणतात, आणि तो अ‍ॅफिलिएटची ओळख सांगतो. वाचकाने लिंकवर बोट ठेवताच त्याच्या मोबाइलमधील ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद जमा होते. खरेदीच्या वेळी विक्रेता ही नोंद वाचतो आणि कमिशन कोणाचे ते ठरवतो. या नोंदीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात ती साधारणतः २४ तासांची आहे, म्हणून सोमवारी संध्याकाळी लिंकवरून बॅग पाहून, ती कार्टमध्ये न टाकता, बुधवारी स्वतंत्रपणे खरेदी करणाऱ्या वाचकाचे कमिशन लिहिणाऱ्याला मिळत नाही, जरी निवडीचे सारे श्रम त्याचे असले तरी. इतर कार्यक्रमांत ही मुदत ७, ३० किंवा ९० दिवसांचीही असते.

त्यामुळे कार्यक्रम निवडताना कमिशनचा टक्का पाहण्याआधी कराराचा मजकूर वाचणे अगत्याचे ठरते. कुकीची मुदत किती, परत केलेल्या मालाचे किंवा रद्द झालेल्या आरक्षणाचे कमिशन कधी कापले जाते, किमान किती रक्कम साठल्यावर पैसे खात्यात येतात, खाते बंद झाल्यास साठलेली रक्कम मिळते की बुडते, आणि दर बदलण्यापूर्वी सूचना देण्याचे बंधन आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे तेथेच असतात. दर एकतर्फी बदलतात, हे नामांकित कंपन्यांच्या बाबतीतही खरे आहे: एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंवरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले, आणि त्या एकाच कार्यक्रमावर विसंबलेल्यांच्या मिळकतीला मोठी कात्री लागली. दुसरी कसोटी मालाची. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क हे प्रमाणचिन्ह उपलब्ध आहे. तरीही यंत्रमागावरील कृत्रिम धाग्याची साडी हातमागाची म्हणून विकणाऱ्याची लिंक दिली, तर कमिशन एकदाच मिळते आणि वाचकाचा विश्वास कायमचा जातो.

काही योजना तर नावापुरत्याच अ‍ॅफिलिएट असतात. सभासद होण्यासाठी आधी पैसे मागणारी आणि मालाच्या विक्रीपेक्षा नवे सभासद जोडण्यावर पैसे देणारी योजना ही साखळी योजना होय, आणि अशा योजनांना १९७८ च्या कायद्याने तसेच २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. व्हिडिओला पसंती दिल्याबद्दल सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये देऊन नंतर मोठी रक्कम भरायला लावणारे टेलिग्रामवरील गट ही तर निव्वळ फसवणूक असते. तीत पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण सुरुवातीच्या काही तासांतच रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. पैसे लावून खेळण्याच्या अ‍ॅपची जाहिरात करणे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने गुन्हा ठरवले आहे, तेव्हा कमिशन कितीही भरघोस असले तरी त्या वाटेला जाऊ नये.

प्रामाणिक कार्यक्रमातही कमिशनची चोरी होते. वाचकाने न दाबलेल्या लिंकची कुकी त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप भरण्याच्या प्रकाराला कुकी स्टफिंग म्हणतात, आणि त्यामुळे खऱ्या शिफारसकर्त्याच्या नोंदीवर दुसऱ्याचे नाव चढते. ईबेच्या कार्यक्रमातील अशाच प्रकरणी अमेरिकेत २०१० मध्ये आरोप ठेवले गेले आणि २०१४ मध्ये दोघांना कारावास झाला. पेपालच्या मालकीच्या हनी या सवलतीचे कुपन शोधणाऱ्या साधनावर, ते खरेदीच्या अखेरच्या क्षणी दुसऱ्याची नोंद पुसून आपली ठेवते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि त्यावरून दावे दाखल झाले. एकटा लेखक हे रोखू शकत नाही. परंतु दर आठवड्याला आपल्या लिंका स्वतः उघडून टॅग शाबूत आहे की नाही हे पाहणे, किती जणांनी लिंक दाबली याची स्वतंत्र मोजणी ठेवणे आणि कार्यक्रमाचे मासिक विवरण उतरवून जपणे त्याच्या हाती आहे. स्वतःची वही ठेवणाऱ्यालाच हिशेबातील तफावत दाखवून दाद मागता येते.

संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा नोंदणीकृत पत्ता, स्वतःच्या नावावर असावा, कारण समाजमाध्यमावरील पान एका रात्रीत बंद होऊ शकते. कार्यक्रमाच्या खात्याला आणि त्याला जोडलेल्या ईमेलला द्विस्तरीय पडताळणी लावावी, आणि मिळकत दोन-तीन कार्यक्रमांत विभागावी. लिंकवरून कमिशन मिळते हे वाचकाला स्पष्ट व सहज दिसेल अशा जागी सांगणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत ती कायदेशीर जबाबदारीही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कराच्या बाबतीत, निवासी व्यक्तीला मिळणाऱ्या कमिशनवर २०२५-२६ या आर्थिक वर्षात २०,००० रुपयांच्या वर २ टक्के उद्गम करकपात होते, आणि पॅन न दिल्यास ती २० टक्क्यांवर जाते. कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनखाली दिसते. कंपनीने कर कापल्याचे सांगूनही तेथे नोंद उमटली नाही, तर त्या कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत तिच्या नव्या लिंका देणे थांबवावे.