रोजचं विज्ञान : नाणं हातात आलं की मन का अडकतं?

नाण्यांच्या प्रदर्शनात चाणाक्ष विक्रेता अनोळखी माणसाच्याही तळहातावर जुनं नाणं ठेवतो. रुपया नागपूरच्या भोसल्यांचा, पण त्यावर नाव मोगल बादशहाचं, हा किस्साही रंगवून सांगतो. नुसता बघायला आलेला माणूस लगेच भाव विचारतो. असं का?

वस्तू हातात आली की तिचं वजन, गारवा, झिजलेल्या कडा जाणवतात आणि ती आपलीच वाटू लागते. मग परत देणं म्हणजे गमावणं! नागपूरच्या इतवारी बाजारातला साडीवाला पदर खांद्यावर टाकून दाखवतो, तोही याचसाठी. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे कप देऊन टाकले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती.

तरीही विक्रीत एक अडसर उरतो, तो भीतीचा : नाणं खोटं निघालं तर? म्हणून विक्रेत्यानं मोफत पारख ठेवली, की आजीच्या डब्यातलं नाणं घेऊन लोक येतात. वजन, ठसा, कडा पाहायला शिकतात. जाण वाढते, भीती ओसरते आणि नवं गिऱ्हाईक तयार होतं.

तुम्ही मात्र भाव ठरवण्याआधी नाणं खाली ठेवा, एक फेरी मारून या. घेतलंत तर पावती मागा. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, असं १९७२चा पुरावस्तू कायदा सांगतो.