घोट नीट उतरत नसेल तर

जेवताना ठसका लागला की आपण म्हणतो, "कुणीतरी आठवण काढली." धडधाकट माणसापुरते ते ठीक. पण घरात कोणाला लकवा मारला असेल आणि पाण्याच्या घोटाला ठसका लागत असेल, तर मंडळी, ते हसण्यावारी नेऊ नका.

असे का होते? घशात दोन वाटा फुटतात. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना आपला श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड मिटते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा, कंठ वर सरकलेला कळेल. शेतात दारे धरणारा एका वाफ्याचे तोंड बुजवून पाणी दुसरीकडे वळवतो ना, तसेच हे. लकव्यात मेंदूचा हुकूम घशाच्या स्नायूंना वेळेवर पोचत नाही. दारे धरणारा पेंगला म्हणा! पाणी तर धावरे. तोंड मिटण्याआधीच ते पुढे जाते. म्हणूनच पुष्कळदा दाट पेज उतरते, पण पाण्याला ठसका लागतो. आपण मात्र "घास नाही तर निदान पाणी तरी" म्हणून निजलेल्या माणसाच्या तोंडात मायेने चमचाभर पाणी सोडतो. ते फुफ्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो.

तेव्हा लकव्याची शंका येताच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गिळणे तपासले जाईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, गोळीसुद्धा नाही.

ठसका ही काही एकच खूण नव्हे. काहींना पाणी चुकीच्या वाटेने गेले तरी ठसका येतच नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता होणे, गालात घास साठून राहणे, वरचेवर ताप येणे, हेही ध्यानात ठेवा.

खाण्याची परवानगी मिळाली की रोग्याला ताठ बसवा. मान मागे टाकून, तांब्याची धार वरून तोंडात सोडण्याची आपली रीत इथे घातक. लहान चमचा घ्या. पहिला घास उतरल्याखेरीज दुसरा नको, आणि जेवताना त्यांना बोलायला लावू नका. मऊ गुरगुट्या भात किंवा नाचणीची दाट आंबील बहुधा सोसते. चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी नको. पाणी किती आणि कसे द्यायचे ते डॉक्टरांना विचारा; भीतीपोटी ते अजिबात तोडू नका. जेवणानंतर अर्धा तास बसू द्या आणि तोंड स्वच्छ पुसून घ्या, कारण तोंडातले जंतूच फुफ्फुसात उतरतात.

लकवा नसताना आधी भाकरी, मग भात, मग पातळही अडकू लागले, तर ते दुखणे निराळे. अन्ननलिकाच अरुंद होत असते. कधी त्यामागे कर्करोग असतो. तंबाखू खाणाऱ्याने तर तपासणीला एक दिवसही लावू नये.

नाकातून नळी घातली की घरची माणसे धीर सोडतात. वास्तविक लकव्यानंतर पुष्कळांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. मोठ्या रुग्णालयांत वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ गिळण्याचे व्यायामही शिकवतात. तोवर नळीनेच पोट भरू द्या, आणि ती कधी काढायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.