ग्रामीण शाळा आणि तीव्र ॲलर्जीवरील तातडीचे औषध : तीर्थपुरी परिसराच्या अनुषंगाने

शाळेतील प्रथमोपचार पेटीत सामान्यतः कापूस, पट्टी, जंतुनाशक द्रावण आणि फार तर वेदनाशामक गोळ्या असतात. मधमाशीच्या दंशाने अथवा शेंगदाण्यासारख्या अन्नपदार्थाने एखाद्या विद्यार्थ्यास तीव्र ॲलर्जी झाल्यास यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ व जीभ सुजणे, श्वास घरघरणे, उलट्या होणे, रक्तदाब खालावून शुद्ध हरपणे अशी लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात. या अवस्थेस 'ॲनाफायलॅक्सिस' असे म्हणतात. ही संज्ञा रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये रूढ केली.

तिच्यावरील पहिले व मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी, स्नायूत टोचावे लागते. ॲलर्जीवरील नेहमीच्या गोळ्यांनी खाज शमते, परंतु कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. ब्रिटनमधील अशा मृत्यूंचा पम्फ्री यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हृदय वा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक कालावधी कीटकदंशात सुमारे १५ मिनिटे, तर अन्नाच्या ॲलर्जीत सुमारे ३० मिनिटे होता. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीच्या आसपास ऊस, मोसंबी व कापसाच्या शेतांतून पायी शाळेत येणाऱ्या मुलांसाठी हे आकडे पुरेसे बोलके आहेत. जिल्हा रुग्णालय जालना शहरात आहे आणि २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पंधरा मिनिटांत वस्तीवरील शाळेत पोहोचेलच असे नाही.

अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने शाळांना हे औषध बाळगण्यास प्रोत्साहन मिळाले. इंग्लंडमधील शाळांना ऑक्टोबर २०१७ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना खरेदी करता येते. तेथे ठरावीक मात्रा भरलेले स्वयंचलित पेन वापरले जाते. आपल्याकडील ग्रामीण औषध दुकानांत असे पेन सहसा मिळत नाही. मिळते ती काचेची कुपी. तिच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते आणि मात्रा प्रति किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलास कुपीचा केवळ पाचवा भाग द्यावयाचा. घाबरलेल्या शिक्षकाच्या हातून येथे चूक होणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण मराठवाड्याची स्वतःची आहे. 'काहीतरी चावले' म्हणत रडत येणाऱ्या मुलास मधमाशी डसली की लाल विंचू, हे ओळखणे आवश्यक ठरते. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा आधीच पूर आलेला असतो. त्यात हेच औषध टोचणे घातक होऊ शकते. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय व दंशाच्या जागी असह्य वेदना या विंचूदंशाच्या खुणा. दंशापासून दूर अंगभर उठलेल्या गांधी व चेहऱ्याची सूज या ॲलर्जीच्या. विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग प्रस्थापित करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील. त्यांचे कार्य महाडला झाले. स्वस्त औषध योग्य वेळी योग्य जागी असणे किती मोलाचे, हे त्यातून दिसले.

म्हणून पाश्चात्त्य नियमाची केवळ नक्कल न करता जे हाताशी आहे त्यापासून आरंभ करणे अधिक शहाणपणाचे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेस वर्षातून एकदा भेट देते. ज्ञात ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी, त्यांच्या वजनानुसार मात्रा लिहिलेले कार्ड आणि दोन शिक्षकांचे प्रात्यक्षिक ही कामे त्याच भेटीत होऊ शकतात. कुपी व सुई मात्र तूर्त जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेकडे असावी आणि तिचा दूरध्वनी क्रमांक वर्गातील फळ्याशेजारी लिहिलेला असावा. कायद्याची भीतीही काहीशी अनाठायी आहे. पालकाची संमती घेण्यास वेळ नसताना सद्भावनेने केलेल्या मदतीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. अर्थात प्रशिक्षणाविना टोचण्याची मुभा असा त्याचा अर्थ काढता येणार नाही.

नाकात फवारण्याच्या ॲड्रेनॅलिनला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते येथील शाळांपर्यंत आल्यास सुईची भीती टळेल. तोपर्यंत पत्र्याच्या खोलीतील कपाटाचा विचार करावा लागेल : मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उष्णता व उजेडाने ॲड्रेनॅलिन निकामी होते. द्रावण तपकिरी दिसू लागले की कुपी फेकून नवी आणावी लागते.